चौथं पदक

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे आमच्या भागातले लोक ज्योतिष्याकडे पाहावं तसं पाहतात. "मॅडम, सोयाबीन आत्ता इकू का ठिवू?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना खुद्द दातांच्या डॉक्टरांनी विचारलाय. मी प्रामाणिकपणे "मला नाही सांगता येणार" म्हणायची. मग समोरचा माणूस जरा थांबायचा आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारायचा, "मंग तुमी पोरायले शिकवता तरी काय?"

प्रश्न रास्त होता. मी मूळची बुलडाण्याची, वडील कचेरीत कारकून. नोकरी मात्र सगळी मेहकर तालुक्यातल्या एका कॉलेजात झाली. जानेफळ, सुलतानपूर अशा गावांतून एसटीनं येणारी मुलं आमच्या वर्गात बसत. ज्यांना सायन्स मिळालं नाही ती कला शाखेत, आणि कला शाखेत ज्यांना दुसरं काही सुचलं नाही ती माझ्याकडे, अशी सर्वसाधारण वाटणी होती. मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायची, "पोरांनो, माणसाजवळ सगळंच कमी असतं. वेळ कमी, पाणी कमी, जागा कमी. मग एक धरायचं तर दुसरं सोडावं लागतं. कोण काय सोडतं आणि का सोडतं, ते शोधायचं. त्यालाच अर्थशास्त्र म्हणतात." एवढ्यावर मी नोकरी काढली असं म्हटलं तरी चालेल.

त्यातला माझा आवडता तास ऑक्टोबरात यायचा. स्वीडनमधून दिलं जाणारं, जगातलं सर्वांत मोठं मानलं जाणारं जे पारितोषिक आहे, ते त्या सुमाराला अर्थशास्त्रासाठी जाहीर होतं. मी फळ्यावर विजेत्याचं नाव लिहायची आणि त्यानं काय शोधलं ते आपल्याकडची उदाहरणं देऊन सांगायची. त्याच तासाला एक गोष्ट आवर्जून सांगायची. ही पारितोषिकं ज्या माणसाच्या नावानं आहेत, त्यानं आपल्या मृत्युपत्रात पाचच विषय लिहिले होते. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता. अर्थशास्त्र त्यात नाही. तो गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्याच्या देशाच्या मध्यवर्ती बँकेनं आपल्या वर्धापनाच्या निमित्तानं, त्याच्या स्मरणार्थ म्हणून, हे सहावं सुरू केलं. समारंभ तोच, राजा तोच, पदकही जवळजवळ तसंच. त्यामुळे हे खरं की उसनं, असा वाद तेव्हापासून चालू आहे. त्या घराण्यातल्या एका वंशजानंही आमच्या पूर्वजाचं नाव बँकेनं वापरू नये, असा आक्षेप घेतला होता.

मुलं हसायची. ती एवढ्यासाठी हसायची, की तशीच गोष्ट आमच्या कॉलेजातही घडलेली होती.

गोविंदराव पाठक हे आमच्या संस्थेच्या शाळेचे पहिले मुख्याध्यापक. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी जाताना आपल्या शेतीच्या उत्पन्नातून दर वर्षी तीन पदकं द्यावीत असं लिहून ठेवलं होतं. गणित, विज्ञान आणि मराठी. संमेलनात ही पदकं मोठ्या मानानं दिली जात आणि गावात 'पाठक पदक' मिळालेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जात. माझ्या विषयाला काही नव्हतं. पुढे गावातल्या पतसंस्थेला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष सुधाकरभाऊ लहाने स्टाफरूममध्ये आले. त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. मला म्हणाले, "मॅडम, आमी एक पदक देतो म्हन्तो. पाठक सरांच्या नावानं. अर्थशास्त्राले."

मला इतका आनंद झाला, की मी दुसरं काही विचारलंच नाही. प्राचार्यांनीही विचारलं नाही. चौथं पदक सुरू झालं. तीच पेटी, तोच छाप, तोच मंच. दोन-चार वर्षांत लोक 'चार पाठक पदकं' म्हणायला लागले.

आता प्रतीक्षाबद्दल सांगते, कारण ही हकिकत खरी तिची आहे.

प्रतीक्षा जानेफळची. घरची वांगी, मिरची, मेथी. आई मेहकरच्या आठवडी बाजारात माल घेऊन बसायची. मुलगी वर्गात फार बोलायची नाही, पण विचारलेल्या प्रश्नावर ती उत्तराऐवजी दुसरा प्रश्न विचारायची, आणि शिक्षकाला याहून मोठं सुख नाही. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटा अभ्यास करायचा असे. बहुतेक मुलं ग्रंथालयातून उतरवून आणत. प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, दुपारून वांग्याचा भाव पडते. पन सगळ्याइचा एकदम नाही पडत. काही बाया लवकर पाडतात, काही उशिरा. माल तर सारखाच हाये. असं काऊन?"

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "बघ शोधून."

ती हिवाळाभर बाजारात बसली. आईजवळ बसायची आणि आजूबाजूच्या बायकांशी गप्पा मारायची. आधी तिला वाटलं, ज्यांची गरज मोठी त्या लवकर पाडत असतील. तसं निघालं नाही. मग वाटलं, उन्हात बसणाऱ्या पाडत असतील, माल सुकतो म्हणून. तेही पुरतं जमेना. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की ज्या बायकांची गावाकडे परतणारी काळी-पिवळी जीप लवकर निघते त्या आधी पाडतात. ज्यांना घ्यायला घरचं माणूस मोटारसायकलवर येतं, त्या संध्याकाळपर्यंत भाव धरून ठेवतात. तिनं लिहिलं होतं, 'वांग्याचा भाव वांग्यावर कमी आणि गाडीच्या वेळेवर जास्त ठरतो.' ते वाक्य वाचून मी उठून खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं पुस्तकातून जे मी शिकवत होते, ते या मुलीनं बाजारात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षीचं चौथं पदक तिला मिळालं, यात कुणाचंच दुमत नव्हतं.

संमेलनाला प्रमुख पाहुण्या होत्या कुसुमताई. पाठक सरांची मुलगी. त्या नागपूरला भूगोलाच्या शिक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतर बुलडाण्याला राहायला आल्या होत्या. आजवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नव्या प्राचार्यांनी बोलावलं, आणि सगळ्यांना वाटलं, फार चांगली गोष्ट झाली.

गणिताचं पदक दिलं. विज्ञानाचं दिलं. मराठीचं दिलं. मग नाव पुकारलं गेलं, "अर्थशास्त्र, कुमारी प्रतीक्षा." ती मंचावर आली. नवा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी. कुसुमताईंच्या हातात पेटी दिली गेली. त्यांनी पेटीवरचं आपल्या वडिलांचं नाव वाचलं, पेटी टेबलावर ठेवली आणि ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"माझ्या वडिलांनी तीन विषयांना पदकं ठेवली होती. हे चौथं त्यांचं नाही. मला हे आजच कळतंय. या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वडिलांनी न दिलेली वस्तू त्यांच्या नावानं मला देता येणार नाही."

आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

सुधाकरभाऊ पहिल्या रांगेतून लगबगीनं उठले, मंचावर आले, पेटी उचलून प्रतीक्षापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही. "राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "मले नाही पाह्यजे." आणि पायऱ्या उतरून सरळ फाटकाकडे चालत गेली. मागच्या बाजूला तिची आई उभी होती. तीही तिच्या मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात मथळा आला, 'पाठक पदक बोगस?' प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापता येतं. प्रतीक्षा कॉलेजात येईना. मी बाजाराच्या दिवशी मेहकरला गेले. आई वांग्यांच्या ढिगामागे बसली होती. तिनं मला बसायला पोतं अंथरलं.

"पोरगी म्हन्ते, आता हा इषयच नको," ती म्हणाली. "अमरावतीले पुढं शिकाले जानार होती ना, ते बी नाही म्हन्ते. तिचा काका हसला तिले. म्हने, खोट्या पदकाची पोरगी."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले काय कळते मॅडम? पन तिनं सांगतल्यापासून आमी पाच-सहा बायांनी मिळून उशिराची गाडी लावली. आता चारच्या आत कोनी भाव नाही पाडत. ते तं खोटं नाही ना?"

त्या रविवारी मी बुलडाण्याला कुसुमताईंकडे गेले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी चहा दिला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण मी चुकीचं काही बोलले नाही."

"तुम्ही बरोबर बोललात," मी म्हटलं. ते म्हणताना माझ्या भांडणातली हवाच गेली.

मग त्यांनी सांगितलं. "बाबांनी ते मृत्युपत्र केलं तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. मी म्हटलं, बाबा, भूगोलालाही एक ठेवा ना. मी भूगोल शिकवते. ते म्हणाले, कुसुम, मला जे समजतं त्यालाच मी बक्षीस देणार. न समजणाऱ्या विषयाची परीक्षा मी कशी करू? त्या दिवशी मी रडले. पण त्यांचं म्हणणं मानलं. पोटच्या पोरीनं मागून जे मिळालं नाही, ते कुणीतरी परस्पर घेतलं, मला न विचारता. मला काय वाटलं असेल, तुम्ही सांगा."

अर्थशास्त्राला एक पदक मिळालं म्हणून मी आनंदले होते. ते नाव कुणाचं आहे, त्या नावामागे कुणी आहे का, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी त्यांना स्वीडनची गोष्ट सांगितली. पाच विषय, सहावं पारितोषिक, बँक, वंशजाचा आक्षेप. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"मग तिथं शेवटी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काहीच झालं नाही. दर वर्षी ते कुणाला तरी मिळतं, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं की हे खरं नाही. दोन्ही चालू आहे."

कुसुमताई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे एवढी मोठी माणसंही सोडवू शकली नाहीत."

"तिथं कदाचित कुणी एकमेकांच्या घरी चहाला गेलं नसेल," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या मुलीला माझ्याकडे घेऊन या. आणि त्या पतसंस्थेच्या माणसालाही."

प्रतीक्षा यायला तयार नव्हती. आईनं तिला आणलं. "मोठ्या बाईनं बलावलं तं जावं," एवढंच ती म्हणाली. सुधाकरभाऊंनी आपली गाडी काढली.

कुसुमताईंनी प्रतीक्षाला जवळ बसवलं आणि अभ्यासाबद्दल विचारलं. प्रतीक्षा आधी खाली पाहून बोलत होती. मग आवडीचा विषय निघाला की माणूस जसा संकोच विसरतो, तशी ती विसरली आणि काळी-पिवळीच्या वेळा, उन्हाची जागा, सगळं हातवारे करून सांगायला लागली. कुसुमताईंनी तिला मधे थांबवून विचारलं, "पावसाळ्यात रस्ता खराब झाला तर?"

"मंग भाव अजून लवकर पडन," प्रतीक्षा म्हणाली. "ते मी पाह्यलं नाही. पाहाले पाह्यजे."

कुसुमताईंनी मान डोलावली. मग त्या सुधाकरभाऊंकडे वळल्या. "माझ्या वडिलांचंच नाव का?"

सुधाकरभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, मी सरांच्या हाताखाली शिकलो. इज्ञानात दोनदा नापास झालो. गनितात तं इचारूच नका. सरांचं पदक मले कदीच भेटलं नसतं. पन मी दुकान टाकलं त्या दिवशी सर आले. म्हनले, सुधाकर, वजन खरं ठेव. तेवढंच म्हनले. मले वाटलं, आपल्या हातून सरांच्या नावानं काही व्हावं."

"मग अर्थशास्त्रालाच का?"

"मले तेवढंच समजते ताई. घेनं-इकनं. ज्याचं मले काहीच समजत नाही, त्याचं बक्षीस मी कसं देनार?"

कुसुमताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. कुसुमताईंच्या वडिलांचे शब्द सुधाकरभाऊंना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी कुणाजवळ बोलले नव्हते.

"बाबाही हेच म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा सावरून, शिक्षिकेच्या आवाजात, "तर मग त्यांच्यासारखंच कर ना सुधाकर. त्यांनी आपल्या समजुतीचं आपल्या नावानं दिलं. तुझ्या समजुतीचं तू तुझ्या नावानं दे."

"माह्या नावाले कोन इचारते ताई?"

"मी विचारते. तुझ्या नावाचं कर, मी स्वतः येईन द्यायला."

सुधाकरभाऊ पुष्कळ आढेवेढे घेत राहिले. जिवंत माणसाच्या नावाचं पदक असतं का, लोक काय म्हणतील, पतसंस्थेचे बाकीचे संचालक काय म्हणतील. प्रतीक्षाच्या आईनं शेवटी त्यांना गप्प केलं. "भाऊ, तुमच्या दुकानात वजन खरं असते हे अख्ख्या बाजाराले ठाऊक हाये. अजून काय पाह्यजे?"

मला कुणी विचारतं, इतकी वर्षं एका आडवाटेच्या कॉलेजात असा विषय शिकवून काय मिळालं, जो धड शास्त्र आहे की नाही यावरही लोक भांडतात. तेव्हा मी कुसुमताईंच्या त्या खोलीबद्दल सांगते. एका बाजूला वडिलांचा शब्द जपणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला गुरूचं ऋण फेडू पाहणारा नापास विद्यार्थी, आणि मधे वांग्याच्या भावाचं कारण शोधणारी पोर. तिघंही खरी होती. कुणाला खोटं पाडून तो वाद सुटला नसता. पुस्तकं मला हे शिकवू शकली नाहीत. या माणसांनी शिकवलं, आणि त्यासाठी पगारही मिळाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एक खंत मात्र आहे. पदक सुरू झालं तेव्हाच मी कुसुमताईंना जाऊन विचारायला हवं होतं. नागपूरचा पत्ता शोधायला हवा होता. प्रतीक्षाला त्या मंचावरून रिकाम्या हातानं उतरावं लागलं नसतं.

पुढच्या संमेलनाला कुसुमताई आल्या. वडिलांची तीन पदकं दिली. मग स्वतःच उठून ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"आता जे पदक मी देणार आहे ते माझ्या वडिलांचं नाही," त्या म्हणाल्या. "ते त्यांचे विद्यार्थी सुधाकर लहाने यांचं आहे. बाबा असते तर त्यांनी या विद्यार्थ्याचा अभिमान बाळगला असता. यंदाच्या विजेत्याबरोबर गेल्या वर्षीच्या विजेतीचंही पदक आज द्यायचं आहे."

यंदाचा विजेता सुलतानपूरचा मुलगा होता, त्याला आधी दिलं. मग प्रतीक्षाचं नाव पुकारलं. ती शेवटी पुढं शिकायला अमरावतीला गेली होती, तिथून रात्रीच्या गाडीनं आली होती. डोळे तारवटलेले होते. कुसुमताईंनी पदक दिलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले, जरा जास्तच वेळ. सुधाकरभाऊ पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसत बसले.

कार्यक्रम संपल्यावर प्रतीक्षाची आई मंचाच्या पायऱ्यांशी उभी होती. कुसुमताई उतरल्या तशी ती पुढे झाली. तिनं हातातली लेकीची पेटी उघडून पदक बोटानं चाचपून पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, हे खरं हाये ना?"

"खरं आहे," कुसुमताई म्हणाल्या. "तिचं काम तर गेल्या वर्षीही खरंच होतं. नावच तेवढं चुकीचं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं."

आईनं पेटी बंद केली, पदरात गुंडाळली आणि म्हणाली, "मंग आता जेवाले घरी चला."

आणि बुलडाण्याची गाडी सोडून कुसुमताई जानेफळला गेल्या.